गुरुवारी विकलेलं शुक्रवारचं गाणं

संपादकांनी मला नोकरीतले गमतीदार प्रसंग लिहायला सांगितले होते. गमतीदार प्रसंग भरपूर आहेत, मी त्यांची यादीही करून ठेवली होती. पण लिहायला बसले की त्या सगळ्यांना ढकलून एकच प्रसंग पुढे येऊन उभा राहतो, आणि त्यात गंमत फार थोडी आहे. त्याचा मला अजून राग येतो. भाजी चिरताना येतो, बसमध्ये येतो. तेव्हा आधी तो लिहून मोकळी होते. दिवाळीत रागाचं लिहू नये म्हणतात. पण फराळात तिखट शेव चालते, तसं हे समजा.

मी हाउन्सलोजवळच्या एका गोदामवजा ऑफिसात काम करते. वर विमानं, खाली रेकॉर्ड्स. आमची छोटी कंपनी जपानी संगीत कंपन्यांच्या रेकॉर्ड्स ब्रिटनमधल्या दुकानांपर्यंत पोचवते. माझं पद रिलीज मॅनेजर. हॅरोतल्या आमच्या मंडळात हे सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. "अजून रेकॉर्ड्स घेतं कोण?" आणि "मुलगी काय करते?" दुसऱ्याचं उत्तर ऐकून लोकांना बरं वाटतं, ती अकाउंटंट आहे. पहिल्याचं उत्तर देते: तरुण मुलं घेतात. त्यातल्या कितीतरी जणांकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्रही नसतं. गाणं फोनवर ऐकतात आणि रेकॉर्ड भिंतीवर लावतात. मला पूर्वी हे विचित्र वाटायचं. मग आपल्याकडे न वाचलेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रती किती घरांत आहेत ते आठवलं आणि गप्प बसले.

रिलीज मॅनेजर म्हणजे काय, तर एक वस्तू एका ठरलेल्या दिवशी सगळ्या दुकानांत एकाच वेळी असली पाहिजे, ही जबाबदारी. कारखान्यातून आधी नमुन्याची रेकॉर्ड येते, ती दोन्ही बाजूंनी संपूर्ण ऐकायची. 'संपूर्ण' हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्धवट ऐकून सही करणारी माणसं मी पाहिली आहेत. मग वेष्टण तपासायचं. जपानी रेकॉर्डच्या वेष्टणाला कडेने एक कागदी पट्टा असतो, त्याला ओबी म्हणतात. या पट्ट्याला जरा सुरकुती पडली की गिऱ्हाईक रेकॉर्ड परत करतं. लीड्सच्या एका गृहस्थांनी मला नखाच्या खुणेचे फोटो पाठवले आणि मग फोन करून विचारलं, "हे नख तुमच्या पॅकरचं आहे का?"

"आमचे पॅकर हातमोजे घालतात," मी म्हटलं.

"मग बायकोचं असेल," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही.

आता शुक्रवारची गोष्ट. इथे नवीन गाणं शुक्रवारी प्रकाशित होतं. खपाची आठवड्याची क्रमवारीही शुक्रवारी सुरू होऊन गुरुवारी संपते. म्हणजे गाणं शुक्रवारचं असेल आणि एखाद्या दुकानाने ते गुरुवारी विकलं, तर ती विक्री आदल्या आठवड्यात जमा होते आणि ज्या आठवड्यात तिचा उपयोग, त्यातून वजा होते. म्हणून आम्ही दुकानांना बजावतो की माल गुरुवारी मिळेल, पण शुक्रवार उजाडेपर्यंत खोका उघडायचा नाही. दुकानं तसं कबूल करतात. मोडलं तर माल बंद, असं कागदावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात एक तंबी देऊन सोडतात. निदान तोपर्यंत सोडत होते.

ते गाणं चार मुलींच्या जपानी गटाचं होतं. नाव देत नाही, कारण मला अजून नोकरी करायची आहे. ठेका असा, की नमुना ऐकताना माझे पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागले. ध्रुवपदाला दोन्ही हातांची एक हालचाल होती, पोळी लाटता लाटता मध्येच ती उलटवल्यासारखी. शाळकरी मुलांपासून आमच्या गोदामातल्या बलविंदरपर्यंत सगळे ती करायला लागले होते. बलविंदर फोर्कलिफ्ट चालवतो. मी त्याला दोन्ही हात चाकावर ठेवायला सांगितलं तर म्हणतो, "मेधाजी, हाताला कळत नाही, गाणं मनात वाजतं."

टोकियोच्या कंपनीचा या गाण्यावर फार जीव होता. ब्रिटनच्या क्रमवारीत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे तो शुक्रवार आमच्यासाठी लग्नाच्या मुहूर्तासारखा होता.

आमच्या गिऱ्हाइकांत केंब्रिजच्या केइको-सान होत्या. साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, नवरा वारल्यावर त्याचं पुस्तकांचं दुकान रेकॉर्डचं करून एकट्या चालवणाऱ्या. अरुंद दुकान, फक्त जपानी संगीत. तिथे विद्यार्थी येऊन तासन्‌तास ऐकत बसत, आणि त्यांना घ्या म्हणून त्या कधी सांगत नसत. मला त्या मिसेस कर्णिक न म्हणता 'मेधा-सान' म्हणत, मी त्यांना 'केइको-सान'; 'सान' म्हणजे आपलं 'जी'. त्यांचा जवळजवळ सगळा माल आमच्याकडून जाई. या देशात त्या कंपन्यांच्या रेकॉर्ड्स फक्त आम्हीच आणतो. आम्ही हात काढला तर त्या दुकानात विकायला जुना माल तेवढा उरणार. हे लक्षात ठेवा.

गुरुवारी माल दुकानांत पोचला. संध्याकाळी माझी लेक रेवा घरी आली ती नाचतच. "आई, बघ, मला मिळाला! लंचटाइमला गेले तर समोरच ठेवला होता!"

तिच्या हातात तीच रेकॉर्ड, ओबीसकट. लंडनमधल्या एका मोठ्या चेनच्या दुकानातून घेतलेली. ती चेन म्हणजे आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक.

"आज घेतलीस?"

"हो. का? तुझा फेस असा का झाला?"

"कारण ती उद्याची आहे."

"आई, तू पण ना. दोन्ही डेज मला तर सेमच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेले तर आमचे साहेब, ग्रॅहम, फोन पुढे धरून दारातच उभे. फोनवर व्हिडिओ चालू होता. केइको-सानच्या दुकानासमोर फुटपाथवर दहाबारा विद्यार्थी पोळ्या लाटत नाचताहेत आणि एक मुलगी रेकॉर्ड डोक्यावर धरून उभी आहे. मागे दारात केइको-सान टाळ्या वाजवताहेत. तारीख गुरुवारची. लाखो लोकांनी पाहून झालेला. टोकियोहून विचारणा आली होती, केंब्रिजमध्ये काय झालं?

"लंडनमध्येही तेच झालं," मी म्हटलं आणि रेवाची रेकॉर्ड पावतीसकट त्यांच्या टेबलावर ठेवली. पावतीवर गुरुवारची दुपार.

ग्रॅहमने ती उलटसुलट पाहिली. "मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्यांनी सगळ्या शाखांत केलं. कुणीतरी चुकून शेल्फवर लावलं. होतं असं. ते प्रकरण वरच्या पातळीवर हाताळलं जाईल."

"आणि केंब्रिज?"

"एक कडक ईमेल टाक. पुन्हा करू नका म्हणून. विषय संपला."

इथपर्यंत माझी फारशी तक्रार नव्हती. मोठ्याला पाठीशी घालायचं आणि लहानाला दटावायचं, हे मला नवीन नाही. पण नुसती ईमेल टाकण्याऐवजी मी केइको-सानना फोन केला. त्यांना व्हिडिओचं माहीतच नव्हतं.

"मेधा-सान, पण माल तर आदल्या दिवशी आला," त्या गोंधळून म्हणाल्या. "तरुणपणी मी टोकियोत रेकॉर्डच्या दुकानात होते. तिथे आदल्या दिवशी माल येतो आणि आदल्या दिवसापासूनच विकायचा असतो. कंपनीला माहीत असतं, सगळ्यांना माहीत असतं. मुलं मुद्दाम त्या दिवशी येतात. मला वाटलं, कागदावरचा नियम इथल्या गाण्यांचा, निदान जपानी गाण्याला तरी इथे तसंच चालत असेल."

मी त्यांना क्रमवारीचं गणित समजावून सांगितलं. गुरुवारची विक्री कुठे जाते ते मग त्यांना कळलं.

"म्हणजे त्या मुलींचं नुकसान झालं? माझ्यामुळे?"

"थोडंसं. आणि फक्त तुमच्यामुळे नाही."

"मी येते. भेटून क्षमा मागते."

"येऊ नका," मी म्हटलं. ग्रॅहमला मी बरीच वर्षं ओळखते. "दोन ओळींची ईमेल पाठवा, पुरे आहे."

"ईमेलवर क्षमा कशी मागतात?" त्यांनी खरोखर विचारलं.

सोमवारी त्या आल्या. काळा कोट, काळे बूट, दुकान बंद ठेवून केंब्रिजहून गाडीने लंडन आणि पुढे पिकॅडिली लाइनने हाउन्सलो. हातात पांढऱ्या कागदात बांधलेली मिठाईची पेटी. ग्रॅहमच्या खोलीत त्यांनी खुर्ची घेतली नाही. दोन्ही हातांनी पेटी पुढे केली आणि कमरेतून वाकल्या. इतका वेळ वाकून राहिल्या की बघणाऱ्याला अवघड झालं.

"चूक पूर्णपणे माझी आहे," त्या म्हणाल्या. "कारण काहीही असलं तरी चूक माझीच. मला क्षमा करा."

मला त्यांनी फोनवर जे कारण सांगितलं होतं त्यातलं एक अक्षर त्यांनी तिथे काढलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. क्षमा मागताना सबब सांगायची नसते, अशी त्यांची रीत. मला ती कळली. माझ्या आईची शिकवण वेगळी नव्हती.

ग्रॅहम लालबुंद झाले. "नो नो, नो वरीज. रिअली. इट्स फाइन," म्हणत त्यांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. केइको-सान जाताना माझ्याकडे पाहून हसल्या. त्यांच्या दृष्टीने कर्तव्य झालं होतं आणि विषय मिटला होता.

दार लागल्यावर ग्रॅहम खुर्चीत बसले, पेटीचा कागद फाडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "वेल. शी हॅज अॅडमिटेड इट."

"काय?"

"कबुली दिली. पूर्णपणे माझी चूक, असं म्हणाली. तू साक्षीदार आहेस. आता टोकियोला दाखवायला आपल्याकडे ठोस काहीतरी आहे. अकाउंट बंद कर."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते दुसरा तुकडा घेत होते.

या देशात लोक दिवसभर सॉरी म्हणत असतात. ट्रॉली तुमच्या पायावर घालतात, सॉरी. कौन्सिल कचरा उचलायला विसरतं, सॉरी. गाडी रद्द होते आणि यंत्रातून एक बाई सॉरी म्हणते, जी गाडीत नाही, स्टेशनवर नाही, कदाचित कुठेच नाही. या सॉरीने कुणाचं कधी एक पेनीचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही, कारण तिच्यात काही नसतंच. आणि इतक्या वर्षांत माझ्यासमोर एका बाईने तो शब्द पूर्ण अर्थाने उच्चारला, तर तोच पकडून तिचं दुकान बंद पाडायला निघाले. त्या आल्या नसत्या, 'टपालाचा घोटाळा' म्हणून एक ओळ लिहिली असती, तर तंबीवर सुटल्या असत्या. चेनने तेवढंही केलं नाही. चेनमधून साधा फोनसुद्धा आला नाही.

"मग चेनचंही अकाउंट बंद करते," मी म्हटलं. "दोन्ही ईमेल एकदमच पाठवते."

"मेधा, बी रीझनेबल."

"मी रीझनेबलच आहे. नियम एक, मोडणारे दोन."

"चेनने काहीही मान्य केलेलं नाही."

"पावती आहे तुमच्या टेबलावर."

"मान्य केलेलं नाही," त्यांनी पुन्हा सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "हा फरक आहे."

"मी ही ईमेल पाठवणार नाही," मी म्हटलं आणि उठले. त्यांनी ती स्वतः पाठवली. माल थांबला.

दुसऱ्या खेपेच्या रेकॉर्ड्स आल्या तेव्हा सगळ्या दुकानांचे खोके निघाले, केंब्रिजचा नाही. बलविंदरने येऊन विचारलं, "मेधाजी, नाचणाऱ्या पोरांचा माल राहिला का?" मी त्याला काय झालं ते सांगितलं. बाहेर जाऊन त्याने पंजाबीत जे काही म्हटलं ते मी छापायला देऊ शकत नाही. मला फार बरं वाटलं.

केइको-साननी ना फोन केला, ना तक्रार. मी फोन केला तर म्हणाल्या, "ठीक आहे. माझी चूक होती." हे वाक्य ऐकून मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला सांगू.

टोकियोबरोबर दर आठवड्याला सकाळी आमची व्हिडिओ मीटिंग असते. तिकडून हायाशी नावाचे गृहस्थ असतात, शांत, मोजकं बोलणारे. त्या सकाळी ग्रॅहमने अभिमानाने सांगितलं की केंब्रिजच्या दुकानावर कारवाई केली आहे.

हायाशींनी विचारलं, "कारवाई कशी?"

"माल बंद केला. दुकानदार बाईंनी इथे येऊन कबुली दिली होती."

"कबुली नाही," मी मध्येच म्हटलं. ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहत राहिले. "त्या केंब्रिजहून दुकान बंद ठेवून आल्या होत्या. मिठाईची पेटी घेऊन. उभ्या राहून वाकून क्षमा मागितली. एकही सबब सांगितली नाही."

हायाशी पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "त्या स्वतः आल्या होत्या?"

"हो."

"मग तर ते तिथेच संपलं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आम्ही फक्त काय झालं ते विचारलं होतं. माल बंद करा असं आम्ही म्हटलं नव्हतं." मग, अगदी सौम्यपणे, "आणि लंडनची दुकानं? आम्ही ऐकलं, तिथेही गुरुवारी विक्री झाली. तिथलेही कुणी आले होते का?"

"ते वरच्या पातळीवर हाताळलं जातंय," ग्रॅहम म्हणाले.

"अच्छा," हायाशी म्हणाले. त्यांच्या 'अच्छा'चं जपानी मला येत नाही, पण अर्थ कळला.

मीटिंग संपल्यावर ग्रॅहम माझ्यावर ओरडले. मी ऐकून घेतलं, त्यांचं संपल्यावर अकाउंट पुन्हा उघडण्याचा मजकूर पुढे ठेवला. त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने 'सद्भावना म्हणून' हे शब्द घातले. सद्भावना! माणसाचं दार बाहेरून लावायचं, मग उघडायचं आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा. चेनला काय झालं म्हणाल तर काही नाही. गाणं क्रमवारीत आलं, खालच्या बाजूला आलं. मुलींनी पुढचं गाणं करायला घेतलं. सगळ्यांचं ठीक झालं.

केइको-सानच्या अर्ध्या दुकानात मात्र आता कॉफीचं काउंटर आहे. माल नव्हता तेव्हा पोरं यायची थांबली आणि भाडं थांबलं नाही, म्हणून ती अर्धी जागा त्यांनी दुसऱ्याला दिली. बसून ऐकायची जागा होती, तिथे दुधाचं मशीन फुसफुसतं.

या वर्षी त्याच गटाचं नवीन गाणं आलं. आमच्या गोदामात कुणीतरी हीटर खोक्यांच्या अंगाशी लावून ठेवला आणि काही रेकॉर्ड्स वाकल्या. ते लक्षात येईपर्यंत खोके निघून गेले होते, आणि त्यात केंब्रिजचा खोका होता. चूक आमची, शंभर टक्के. ग्रॅहम म्हणाले, तक्रार येऊ दे, मग बघू. मी थांबले नाही. फोन लावला.

"केइको-सान, तुमच्याकडे आलेल्या रेकॉर्ड्स खराब आहेत. चूक पूर्णपणे आमची आहे. मला फार वाईट वाटतंय. क्षमा करा."

पलीकडे ते दुधाचं मशीन चालू होतं.

"थँक यू, मिसेस कर्णिक," त्या म्हणाल्या. "हे लेखी मिळेल का?"

"मिळेल," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि लिहायला बसले. ग्रॅहम मागून वाचत उभे राहिले. "'चूक आमची आहे' हे काढ, मेधा. उद्या अंगाशी येईल." मी त्यांना म्हटलं, "येऊ दे," आणि पाठवून दिलं.